बंद मशीनवर चाललेलं काम

मे २००७, शनिवार दुपार. ठिकाण – रत्नागिरी, आमच्या टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लासची पहिल्या मजल्यावरची खोली. हजर – मी (क्लास माझा), झुलेखा (क्लासमध्ये शिकवते), तात्या (इमारतीचे मालक, खाली राहतात). शिवाय पुण्याहून फोनवर माझा भाचा निलेश.

हजेरी मुद्दाम आधी दिली. इथले भुताखेतांचे अनुभव वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असतो – प्रत्यक्ष पाहिलं कोणी? ‘मित्राच्या मित्राने’ म्हटलं की मी पान उलटते. अमावास्या, चकवा, पिंपळ यातलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानत नाही असं ठणकावून सांगायला आवडलं असतं, पण...

असो. मुद्द्यावर येते.

क्लासचं मुख्य मशीन बंद पडलं होतं. चालू केलं की काळा पडदा, त्यावर एक इंग्रजी ओळ, पुढे काही नाही. एरवी मी ते दुकानात देऊन सगळं पुसून नवं करून घेतलं असतं. पण त्या मशीनच्या डिस्कवर झुलेखाच्या नवऱ्याचा आवाज होता.

इक्बाल जहाजावर नोकरीला. शेवटच्या सुट्टीत तो क्लासमध्ये येऊन, हेडफोन लावून, आपल्या मुलीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून गेला. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. परत गेल्यावर आखातातल्या कुठल्याशा बंदरातून त्याचा एक फोन आला, आणि मग काहीच नाही. कंपनी म्हणे तो जहाजावरून उतरला. कुठे उतरला, का उतरला, कोणी सांगेना. तेव्हापासून दर रविवारी झुलेखा छोट्या सानियाला घेऊन यायची आणि ती पोर माझ्या खुर्चीत बसून बापाच्या गोष्टी ऐकायची. त्या मशीनवर सीडी लिहिता येत नसे, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती.

निलेशने मार्ग काढला – विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकायची, आणि तीही पुण्यात बसून. त्याने तयार केलेली सीडी कुरियरने आली. ती घालून मशीन चालू केलं की ते नेटवर येऊन थांबणार, मग निलेश तिथून एका सुरक्षित जोडणीने आत शिरणार आणि बाकी सगळं त्याच्या कीबोर्डवरून. आम्ही फक्त बघायचं. डिस्कचे दोन भाग होते. पहिला पुसायचा. दुसऱ्या भागात गोष्टी होत्या, त्याला हात लावायचा नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं.

तेवढ्यात तात्या नारळ घेऊन वर आले. आमच्याकडे विहीर खणा नाहीतर पंप बसवा, आधी गाऱ्हाणं. जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगायचं, काय काम काढलंय आणि काय हवंय.

“बा महाराजा, ह्या लेकरांनी काम हातात घेतलेलं आहे. एकदा सुरू झालं की कोणी आडवं येता नये. पुरं होईस्तोवर थांबता नये, रे महाराजा!”

“होय महाराजा,” झुलेखाच म्हणाली. मग हसून, “तात्या, तुमच्या महाराजाला इंग्रजी येतं ना? आत सगळं इंग्रजीत आहे.”

“तुला येतं ना? तू सांग त्याला समजावून.”

मशीन चालू केलं. पडद्यावर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ आली. निलेशने ती फोनवर माझ्याकडून वाचून घेतली आणि त्याच्याकडच्या ओळीशी ताडून पाहिली.

“बरोबर, मावशी. म्हणजे मी तुझ्याच मशीनशी बोलतोय, मधे दुसरं कोणी नाही. आता कशाला हात लावू नका. आणि माझी आंब्याची पेटी विसरू नकोस.”

पहिला भाग पुसून झाला, नव्या फाइली उतरायला लागल्या... आणि लाइट गेली.

लोडशेडिंगचं वेळापत्रक मी पाहून ठेवलं होतं. त्यात ही वेळ नव्हती. यूपीएस जेमतेम एकदा ओरडला आणि गप्प झाला. मॉनिटर काळा, मशीनचा पंखा थांबलेला, मोडेमचे सगळे दिवे विझलेले. टेलिफोन तेवढा चालू, आणि निलेशचा आवाज तिघांनाही ऐकू येईल एवढा मोठा.

“निलेश, लाइट गेली रे. आता पुन्हा पहिल्यापासून?”

“कुठे गेली? चाललंय की.”

“अरे, मशीन बंद आहे!”

“मावशी, माझ्यासमोर फाइली उतरतायत. तुमचा मॉनिटर गेला असेल.”

मी मशीनवर हात ठेवला. हूं नाही की चूं नाही. मग मी मशीनचा प्लग भिंतीतून ओढून काढला, मोडेमची वायर काढली, दोन्ही टोकं झुलेखाच्या हातात दिली आणि निलेशला तसं सांगितलं. मग तो जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, “मग हे चाललंय कुठे?”

“तू ओळख पटवली होतीस ना?”

“पटवली ना! तुझंच मशीन आहे. तीच डिस्क, तेच दोन भाग... थांब. हे परत मागच्या पानावर आलं. मी काही दाबलेलं नाही.”

“काय म्हणतंय?”

“दुसरा भाग पुसू का, विचारतंय.”

“नाही म्हण!”

“म्हणतोय ना! कीबोर्ड ऐकतच नाही.”

“तुझा कॉम्प्युटर बंद कर मग.”

“बंद केला तर मला दिसणार नाही एवढंच, मावशी. तिकडचं चालूच राहील.”

झुलेखा हातातल्या वायरींकडे बघत होती. “सुनंदाताई, वायर तर माझ्या हातात आहे. मग पुसतंय कोण?”

तात्या मटकन स्टुलावर बसले. “अगो, मीच बोलून बसलो. थांबता नये म्हणून...” त्यांनी परत हात जोडले. “महाराजा, चुकलंमाकलं पदरात घे. थांबव रे.”

“त्याने ‘हो’ घेतलं,” निलेश म्हणाला. “मी नाही दिलं. पुसायला लागलंय.”

कुठल्याही अडचणीत पुढची तीन कामं मला आधी दिसतात. त्या वेळी एकही दिसलं नाही. जे बंदच आहे ते आणखी बंद कसं करणार? आम्ही तिघं त्या थंड पेटीकडे नुसते बघत राहिलो. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा झुलेखाने मशीनवर हात ठेवला होता. “सानियाला काय सांगू?” ती म्हणाली, पण आम्हाला नाही.

“पूर्ण झालं म्हणतंय,” निलेश म्हणाला. “तुटली जोडणी.”

मग लाइट आली. छताचा पंखा फिरायला लागला तरी प्लगकडे कोणी जाईना. शेवटी झुलेखानेच प्लग आणि मोडेमची वायर लावली. मशीन सुरू झालं – नवी कोरी लिनक्स, कुठे खोट नाही. निलेश पुन्हा आत शिरला आणि त्याने दुसरा भाग उघडला.

गोष्टी सगळ्या जागेवर होत्या.

झुलेखा तिथेच फरशीवर बसली आणि रडली. तात्या पाणी आणायला खाली गेले. मी फोनवर निलेशला आंब्याच्या पेटीचं कबूल करत होते, तर तो मधेच म्हणाला, “मावशी, यात एक फाइल जास्त आहे. आवाजाचीच. आजची... तुमच्याकडे लाइट नव्हती तेव्हाची. वाजवू?”

झुलेखाने उठून फोन माझ्या हातून घेतला. “नको, निलेशभाऊ.”

नंतर मी तिला कारण विचारलं. “ताई, त्यात तो असला तर कुठून बोलतोय ते कळेल. मग मी वाट कोणाची बघू?”

निलेशने त्याच्या ऑफिसातल्या जाणकारांना विचारलं. कोणी म्हणालं, त्याच्या पडद्यावर जुनंच दिसत राहिलं असेल. बरं. मग उरलेली लिनक्स प्लग काढलेल्या मशीनवर कोणी चढवली? आणि ‘हो’ कोणी म्हटलं? पुसलं म्हणे, तर मग पुसलं काय?

पुढच्या आठवड्यात सीडी रायटर आणून गोष्टींच्या सीड्या केल्या. एक झुलेखाकडे, एक माझ्याकडे. ती जास्तीची फाइल वेगळ्या सीडीवर घेतली आणि झुलेखाच्या सांगण्यावरून माझ्या कपाटात ठेवली. इक्बालची काही बातमी नाही. सानिया आता कॉलेजात जाते. परवा क्लासमध्ये आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मावशी, अब्बांचं अजून एक रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे ना?”

आईला विचारून ये, म्हटलं. अजून आलेली नाही. त्या शनिवारची बाकी सगळी कामं झाली. फाइल ऐकणे तेवढं राहिलं आहे.