पिठाला हात लावू नकोस

"तू नको गं पिठाला हात लावू. किडे यायचे त्यात."

सरांच्या बायकोने हे हसत हसत सांगितलं. सिल्व्हर पार्कमध्ये सरांनी नवा फ्लॅट घेतला होता, त्याची वास्तुशांत होती. कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटमधून आम्ही सगळे गेलो होतो. स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक मळणं चाललं होतं. मी हात धुतले, बाह्या वर केल्या आणि परातीसमोर बसायला गेले. तेव्हा हे वाक्य आलं.

परातीत आधीच दोन हात होते. मुग्धाचे. मुग्धा आणि मी सरांच्या प्रोजेक्टवर एकाच टेबलावर काम करायचो. तेच किडे, तेच पीठ. त्या सकाळीसुद्धा दोघींनी मिळून बरण्या साफ केल्या होत्या. पण तिच्या हातांना किडे लागत नव्हते, माझ्याच हातांना लागत होते. मुग्धाने मान वर केली नाही. मी हॉलमध्ये जाऊन खुर्च्या मांडायला लागले. खुर्च्यांना मी चालत होते.

आम्ही बौद्ध. इंटरव्ह्यूत सरांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. सरळ कोणी काही बोलत नाही आमच्या शहरात. मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, टॉवर आले, माणसं शिकली. आता सगळं स्वच्छतेच्या नावाखाली चालतं.

काम काय होतं ते सांगते. साठवणीच्या पिठात बारीक तांबडे भुंगेरे होतात, सगळ्यांनी पाहिलेत. गोदामात त्यांना मारायला गॅसच्या गोळ्या ठेवतात. काही भुंगेरे त्या गॅसला दाद देईनासे झाले होते. हा गुण पिल्लांत कसा उतरतो, कुठल्या जीनमुळे, ते आम्ही शोधत होतो. दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वाण, पाळल्या होत्या, एक गॅसने मरणारी आणि एक न मरणारी. त्यांचा क्रॉस, म्हणजे संकर, करायचा, पिल्लांना गॅस द्यायचा, कोण जगतं ते बघायचं. भुंगेरे कोषात असतानाच मायक्रोस्कोपखाली नर-मादी वेगळे करावे लागतात, नाहीतर मादी आधीच जुगते आणि क्रॉस वाया जातो. ते काम माझं. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पण मला आवडायचं. खरंच आवडायचं. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं आणि मी जीन शोधत होते. पीएचडीचं रजिस्ट्रेशन सरांच्या सहीवर अडलं होतं. ती सही मला हवी होती, म्हणून मी पुष्कळ काही गिळत होते.

लॅबमध्ये एक नियम कडक होता. एका स्ट्रेनची चाळणी दुसऱ्या स्ट्रेनला वापरायची तर आधी ओव्हनमध्ये तापवायची. जाळीला अंडी चिकटून राहतात.

एकदा पाहुणे आले. सरांनी न मरणाऱ्यांची बरणी त्यांना चाळून दाखवली. मग बोलण्याच्या नादात तीच चाळणी मरणाऱ्यांच्या पिठात घातली. मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "सर, चाळणी तापवायची राहिली."

"आता हे मला तू शिकवणार?"

पाहुणे हसले. मुग्धा शेजारीच उभी होती, तीही हसली. मी माझ्या मायक्रोस्कोपकडे वळले.

पुढे व्हायचं तेच झालं. मरणाऱ्या स्ट्रेनला गॅस दिला आणि बरणीत भुंगेरे आरामात फिरत होते. भेसळ झाली होती. केलेले सगळे क्रॉस मातीत गेले. दिल्लीहून कमिटी यायची होती, तिच्या अहवालावर प्रोजेक्ट टिकणार होतं. सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही कीड बाहेरून आलीय. हिची आई लोकांचं धान्य निवडायला जाते ना? घरात किडकं धान्य, तेच हिच्या कपड्यांवरून इथे."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आई जायची, खरंच जायची. उन्हाळ्यात इंद्रलोकच्या सोसायट्यांत वर्षाचे गहू निवडायला. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण त्या दिवशी मी लाजले. अजून त्याची चीड येते.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. मी दाराबाहेर ओढणी झटकायची, पर्स शिपाईकाकांना उघडून दाखवायची, मग आत यायचं. फक्त मी. काका बिचारे पर्सकडे न बघता भिंतीकडे बघायचे. मुग्धा माझ्या शेजारून आत निघून जायची.

आणि मी काय केलं? पुरावा गोळा करायला लागले. चाळणी कोणी घातली ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी. घरच्या गव्हाच्या डब्यातले भुंगेरे मी पकडायला बसले. आई बघत होती.

"काय करतीयस?"

"लॅबमध्ये न्यायचेत. आपल्या घरातले गॅसने मरतात, हे दाखवायचंय. म्हणजे लॅबमधले ते न मरणारे आपले नव्हेत हे कळेल."

"आपल्या घरातले किडे कशाला दाखवतीस त्यांना? त्यांच्या डब्यात नसतात व्हय?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

लॅबमध्ये गॅस दिला. घरचे भुंगेरे सगळे मेले, एकही उरला नाही. मी ती काचेची बशी घेऊन अक्षरशः धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. केवढा आनंद झाला होता मला. सरांनी बशीकडे पाहिलंही नाही.

"मला माहितीय गं कुठून आले ते," सर शांतपणे म्हणाले. "पण कमिटीसमोर कोणीतरी चूक घ्यायला हवी. तू म्हण, माझ्याकडून झालं. मी सांभाळून घेतो. रजिस्ट्रेशनची सही करून टाकतो. तुला काय, तुला कोटा आहेच."

तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग आलाच. पण त्याहून जास्त आला स्वतःचा. हातात मेलेल्या किड्यांची बशी घेऊन मी कशासाठी उभी होते? माझी आई स्वच्छ आहे, माझं घर स्वच्छ आहे, असा दाखला या माणसाकडून घ्यायला. जो माणूस चाळणी घालून नामानिराळा झाला, त्याच्याकडून. आई बरोबर होती आणि मी तिला गप्प केलं होतं. मी बशी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

कमिटीच्या दिवशी लॅबमध्ये आम्ही सहा जण होतो. तीन साहेब, सर, मुग्धा आणि मी. सर गोड आवाजात म्हणाले, "बोल. घाबरू नकोस."

सही गेली, हे तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं.

"चाळणी सरांनी न तापवता घातली. माझ्यासमोर. मी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या घरातून काही आलेलं नाही. आणि आलं असतं, तरी इथे सगळ्यांच्याच घरात धान्य आहे. मग ओढणी फक्त माझीच का झटकायला लावली, ते सरांना विचारा."

एका साहेबांनी मुग्धाला विचारलं, "तुम्ही होता तेव्हा?"

मुग्धा म्हणाली, "मला नाही आठवत."

सर हसले. "मुलगी जरा भावनिक आहे."

"भावनिक नाही सर. चिडलेय," मी म्हटलं आणि ॲप्रन काढून टेबलावर ठेवला.

मुग्धा माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "सॉरी यार. पण सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? एकट्यात सांगायचं ना."

"ओढणी एकट्यात झटकली होती का मी?"

मी जिना उतरायला लागले. मला तिच्याकडून उत्तर नकोच होतं.

पगार त्या महिन्यापासून बंद झाला. सही झाली नाही. सरांचं प्रोजेक्ट चालू राहिलं, माझ्या जागी दुसरा मुलगा आला. असंच होतं. सत्य बोललं की न्याय मिळतो, असं मला कोणी सांगू नये.

पीएचडी मी करणार. याच भुंगेऱ्यांवर करणार. दुसरीकडे अर्ज टाकतेय. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, आधीचं प्रोजेक्ट का सोडलंत? ओळखीचे सांगतात, घरगुती अडचण होती म्हण, कशाला ओढवून घेतेस. मी घरगुती अडचण सांगत नाही. माझ्या घरात अडचण नव्हती. मी चाळणी सांगते, ओढणी सांगते, आई काय काम करते तेही सांगते, आणि सरांचं नाव घेऊन सांगते. दोन ठिकाणी ऐकून घेतलं आणि नकार कळवला. कळवू देत. तिसऱ्या ठिकाणी विचारतील, तेव्हाही मी हेच सांगणार आहे.