माटेचा चहा अन् जागी पोट्टी

पोट्टी तव्हा पाच महिन्याची होती अन् मले कामाले लागून महिनाही झाला नव्हता. जन्मली तव्हा लय हलकी होती ती, नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती, अन् थे नऊ दिवस मी बाहेर बाकड्यावर बसून होती. तव्हापासून मले तिच्यासाठी कायचंही भेव लागे. शिंकली तं भेव, दिवसभर शिंकली नाही तं तेचंही भेव. सासू म्हणे, "तू आधी स्वतः श्वास घे व, मंग पोरीचा पाह्य."

लोहाऱ्याले आमच्या घरापासून पाच मिनिटावर एक लहानशी शेड हाये. तिथं चहाचा मसाला कुटतेत, चहापत्तीत मिसळतेत, पाकिटात भरतेत. आम्ही चार बाया होतो. सगळ्यात मोठी खाला, मसाला तिच्याच हाताचा, सोंठ किती अन् मिरे किती हे ती नुसत्या वासावर सांगे. एक वहिनी होती, मोठ्या वाडीवाल्या पाटलाच्या घरची सून, घरी वाटे-हिस्से झाले म्हणून कामाले आली होती. एक नुसती हासणारी पोरगी, तिचं लग्न ठरलं होतं. अन् मी. मालकीण म्हंजे मॅडम, पुण्याहून शिकून आलेली, माह्यापेक्षा चार-पाच वर्षानंच मोठी. दुपारी एक वाजता अन् पाच वाजता मी पळत घरी जाऊ, पोरीले पाजू, पळत वापस येऊ. पदर कुठं, चप्पल कुठं.

एक दिवस मॅडमनं एक गोणी उघडली. आतमंदी हिरवट पाला, भुगा झालेला, त्यात बारीक बारीक काड्या. खालानं मूठभर घेऊन नाकाले लावला अन् म्हणे, "अगं बाई, हा तं तेंदूपत्ता हाये. बीडी वळाची का आता?"

मॅडम हासली. म्हणे, याले येरबा माटे म्हणतेत, लय दूर, समुद्राच्या पल्याड, दक्षिण अमेरिकेत होते. झाडाचा पाला तोडतेत, जाळावर धरून वाळवतेत, म्हणून तो धुराचा वास. आता शहरातल्या लोकायले मसाला चहात हा मिसळून पाह्यजे, त्यायले म्हणे यानं तरतरी येते.

मंग तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. तिथं लोक सुकलेल्या भोपळ्याचा लहानसा तुंबा करतेत, त्यात हा पाला भरतेत, वरून गरम पाणी, अन् एक स्टीलची नळी. नळीच्या खालच्या टोकाले जाळी असते, म्हंजे पाला तोंडात येत नाही. दहा लोक बसले तरी तुंबा एकच अन् नळी एकच. एक जण पाणी ओतते, एकाले देते, त्यानं संपवलं का वापस भरते अन् दुसऱ्याले देते.

"एकाच नळीनं?" वहिनी म्हणे. "सगळ्यायचं उष्टं?"

"थे लोक उष्टं नाही मानत. एकात पेले म्हंजे आपले झाले, असं मानतेत. अन् जो ओतते थो पह्यला घोट सोता घेते, काहून का पह्यलाच सगळ्यात कडू असते."

"अन् एकाले सर्दी असली तं?" ती लग्नाची पोरगी म्हणे.

"तं मंग सगळ्या गावाले," खाला म्हणे.

मॅडमनं अजून एक गोष्ट सांगतली. त्या तुंब्याच्या बैठकीत कोणी धन्यवाद म्हणलं का समजाचं, याले आता नको. तवरोक देतच राहतेत. खालानं कपाळाले हात लावला. "मंग आमच्या घरी तं मरेस्तोवर पेतच राह्यन बाप्पा. आमच्या घरी चाळीस वर्षात कोणी मले धन्यवाद म्हणलं नाही."

म्या विचारलं का हे कोणं शोधून काढलं, पाला खायाचा का पेयाचा हे कसं समजलं असन. मॅडम म्हणे, तिथल्या जंगलातल्या लोकायले पह्यलेपासून माहीत होतं. मंग बाहेरून गोरे लोक आले, त्यायनं त्याचा धंदा केला, अन् ज्यायचं झाड होतं त्यायच्याच पाठीवर गोण्या देल्ल्या. खाला म्हणे, असंच असते, अन् चहा तरी आपला कुठं होता, तिचे नाना सांगत का इंग्रजाच्या टायमात बाजारात फुकट पाजत होते, सवय लागावी म्हणून. मंग आपल्या बायायनं त्यात अद्रक टाकलं, इलायची टाकली, दूध टाकलं, अन् इतक्या वर्षात तो आपला होऊन गेला. मी गोणीतल्या पाल्यात हात घालून हे ऐकत होती. मले वाटलं, बापरे, एवढ्या दुरून आला हा पाला, अन् आला कुठं, तं आमच्या टिनाच्या शेडमंदी, सोंठीच्या डब्याजवळ.

दुसऱ्या दिवशी नमुने करून पाह्याचे होते. तीन मिसळणी होत्या. तिन्ही गंज, म्हंजे पातेले, सारखेच, म्हणून म्या आपल्या पाकिटातल्या टिकल्या काढून चिकटवल्या, एक टिकली, दोन टिकल्या, तीन टिकल्या. जेवढ्या टिकल्या तेवढा माटे जास्त. मॅडम म्हणे, "पाणी गरम करायचं, उकळायचं नाही. पाच मिनिट झाकून ठेवायचं. दूध नंतर." अन् तिले नागपूरले जायाचं होतं, ती गेली.

आता उकळल्याबिगर चहा होते का? खालालेही पटलं नाही. आम्ही म्हणलं, मॅडमले पुण्यात सवय लागली, पाण्यात दोरीची पुडी बुडवाची. म्या आपल्या पद्धतीनं केला. दूध, साखर, मसाला, चहापत्ती, पाला, अन् तीनदा वर येऊ देल्ला. एवढा कडू झाला का जीभ आखडली. मंग साखर टाकली. मंग दूध टाकलं. मंग पातळ लागला म्हणून अजून पाला. असं करत करत तीन गंज भरून चहा.

मॅडम चाखताना एक घोट घेते अन् मगात थुकते. आम्हाले थे जमत नाही. दुधाची वस्तू कोणी थुकते का? फेकतेही नाही. तं बायायनं एक एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, अन् वहिनीनं आपला गिलास माह्यापुढे सरकवला. "हे घे व तू. लेकुरवाळी हायेस, दूध यीन."

"हो, तिलेच द्या," खाला म्हणे. "मायचं पोट भरलं तं लेकराचं भरलं."

आमच्याकडे तसंच करतेत. बाळंतीण बाई दिसली का जे असन थे तिच्या पुढे. चहा पे, दूध यीन. लाडू खाय, दूध यीन. नाही म्हणता येत नाही, अन् खरं सांगू का, मले लय बरं वाटलं. सगळ्या आपआपल्या हातातलं मले देऊन राह्यल्या होत्या. मी पेली. एक टिकलीवाला पेली, दोन टिकल्यावाला पेली, तीनवाला तं दोनदा, मंग जो उरला थोही. सकाळपासून पाच वाजेपर्यंत सात गिलास झाले.

आधी तं असं वाटलं का आंगात बिजली आली. पाकिटं भराले माह्या हाताले उसंतच नाही, बोलणंही थांबेना, ती लग्नाची पोरगी म्हणे, "आज हिच्या तोंडाले कुलूप लावा कोणी." दुपारी पाजून आली, पाचलेही पाजलं. मंग छाती धडधडाले लागली. म्या म्हणलं, पळून आली म्हणून असन.

संध्याकाळी पोट्टी झोपेना. नेहमी दिवा लागला का तिचे डोळे मिटतेत. त्या दिवशी डोळे टकटक उघडे, मुठी आवळलेल्या, जरा आवाज झाला का दचके अन् रडे. झोक्यात टाकली, खांद्यावर घेतली, आंगणात फिरवली. शेजारची बाई भिताडावरून म्हणे, "नजर लागली तिले, मिरच्या ओवाळा." सासू म्हणे, "आम्ही बुद्धाचे लोक व, आमच्या घरी मिरच्या भाजीत टाकतेत." पण तिचं तोंड उतरलं होतं, म्या पाह्यलं.

रात्र गेली कशीबशी. सकाळी एकदम माह्या डोक्यात आलं का अरे, माहीही झोप उडाली होती अन् पोरीचीही, अन् दोघींत सारखं काय हाये, तं दूध. जे मी पेली थे तिच्या पोटात गेलं. पाच महिन्याची, नऊ दिवस काचेत राह्यलेली पोट्टी, अन् म्या तिले थो कडू पाला पाजला.

म्या ठरवलं, आता पाजाचंच नाही. सारं बाहेर निघून जाऊ दे. सासूले म्हणलं, दूध उतरून नाही राह्यलं. खरं सांगितलं असतं तं ती म्हणली असती, बंद कर काम, बस घरी. अन् नवरा पेट्रोल पंपावर पाळीत होता, त्याले कोण सांगन, तो माह्याहून भित्रा. आठ वाजले, नऊ वाजले, पोट्टी रडून रडून लाल झाली. मी तिले खांद्यावर घेऊन ह्या भिताडापासून त्या भिताडापर्यंत चालू, अन् माहा ब्लाउज ओला होऊन राह्यला होता, थे लपवाले वरून टॉवेल.

सासू चुलीपाशी गेली अन् दहा मिनिटानं माह्या पुढे गिलास ठेवला. चांगला घट्ट, अद्रक टाकलेला चहा. "पे गरम गरम. दूध उतरन."

म्या त्या गिलासाकडे पाह्यलं अन् मी रडाले लागली. एकदम, लेकरासारखी. सगळं सांगून टाकलं, पाला कुठून आला, टिकल्या, सात गिलास, सगळं एका दमात.

सासू खाली बसली. मंग म्हणे, "कोणं देल्ला तुले?"

"सगळ्यायनं. आपल्या आपल्या गिलासातला."

"त्या पाटलाच्या सुनेनं बी?"

"हो."

"तिचा पेलेला? त्याच गिलासात?"

"हो म्हणलं ना आई!" मले राग आला. माही पोट्टी अशी करून राह्यली अन् हिले गिलासाचं पडलं. सासू म्हणे, "मी पाटलायच्या वावरात तण निंदाले जाये तं चहा मिळे. आमचा कप कुंपणात अडकवून ठेवेत. आपणच काढाचा, आपणच धुवाचा. वरून ओतेत, कपाले किटली लागू नये म्हणून." एवढंच बोलली. मंग उठली, लुगडं सावरलं अन् म्हणे, "चाल. नर्सबाईकडे. पोरीले मी घेते, तू पडशीन रस्त्यात."

मी तव्हा तिचं बोलणं नीट ऐकलंच नाही. नंतर कित्येकदा आठवलं. तिकडे एका तुंब्यात सारे पेतेत म्हणून आम्ही हासलो होतो, अन् तिच्या जवानीत तिच्या कपाले दुसऱ्याची किटलीही लागत नव्हती. वहिनीनं माह्यापुढे गिलास सरकवला तव्हा मले त्यात काही दिसलं नाही. सासूले दिसलं. पण त्या टायमाले माह्या कानात फक्त पोरीचं रडणं होतं.

आरोग्य केंद्रात नर्सबाईनं पह्यले पोरीले काट्यावर ठेवलं, आंग चोळून पाह्यलं, ताप पाह्यला, टाळू पाह्यली. मंग माह्याकडे वळली. "किती चहा पेली?"

"सात गिलास. त्यात तो माटे."

"सात! चहा हाये का विहिरीचं पाणी?" ती म्हणे. "दोन्हीत झोप उडवणारं असते. चहात बी, त्या पाल्यात बी. तू दोन्ही एका गंजात उकळले. मोठ्या माणसाचं उतरून जाते, एवढ्याशा लेकराच्या आंगातून निघाले टाईम लागते. अन् शेवटचं कधी पाजलं?"

म्या खाली पाह्यलं. "सकाळपासून नाही."

"काहून?"

"जहर गेलं असतं तं अजून."

नर्सबाईनं मोठा श्वास घेतला. आवाज एकदम नरम केला. "अव माय, आता ती चहानं नाही रडून राह्यली. भुकेनं रडून राह्यली. पाज तिले. आत्ता, इथंच. आजपासून दिवसभरात एक कप, तोही साधा. लेकरू सुस्त पडलं, पेईना झालं, तं ताबडतोब घेऊन ये. नाही तं घरी जा अन् भिऊ नको."

माह्यानं हुक निघेना. सासूनं काढून देल्ला. पोट्टी अशी तुटून पडली का तिचा घोटाघोटाचा आवाज खोलीभर येत होता. डोळे मात्र उघडेच, माह्या तोंडाकडे. मले वाटलं, ती विचारून राह्यली का सकाळपासून कुठी गेली होतीस.

त्या दिवशीही ती नीट झोपली नाही, चटका लागल्यावानी उठे. पण भूक भागली होती, तं रडणं कमी झालं. मॅडमनं फोन केला, खालानं तिले सांगतलं होतं. मले वाटलं आता काम गेलं. तं तीच घाबरलेली. म्हणे, चूक माही, म्या सांगाले पाह्यजे होतं. आता पाकिटावर मागच्या बाजूले छापलं हाये का गरोदर अन् पाजणाऱ्या बाईनं जपून प्यावं. सासूनं कामावर जाऊ नको म्हणलं नाही. मी तिची वाट पाहत राह्यली का म्हणन, पण ती म्हणली नाही.

पोट्टी झोपली तिसऱ्या दिवशी दुपारी. माह्या मांडीवर, पेता पेता. एक तास झाला, दोन तास झाले, उठेना. तं मले वेगळंच भेव लागलं. एवढा वेळ? नर्सबाई म्हणली होती, सुस्त पडली तं घेऊन ये. म्या तिच्या तळपायाले बोट लावलं, जरासं गुदगुल्या केल्या.

दारातून सासू म्हणे, "उठवशीन तिले तं पाह्य माह्याइतकी वाईट कोणी नाही. दोन दिवसाची झोप हाये ती, तिची तिले घेऊ दे."

पोट्टीनं पाय आखडला, तोंडानं चूक चूक केलं अन् वापस झोपली. माही मांडी बधिर झाली होती. मी भिताडाले टेकून तशीच बसली, तिच्या पोटाकडे पाहत, वर जाते, खाली येते.