सावकाश उचल

गुलाबभाऊंना एकदा हट्ट चढला की तो उतरवायला क्रेनच लागते. मी स्वतः क्रेनवाला आहे, म्हणून सांगतो. रोलिंग मिलमध्ये मी वर केबिनमध्ये आणि भाऊ खाली सिग्नल द्यायला, अशी आमची सगळी नोकरी झाली. त्या गोंगाटात तोंडाचं कोण ऐकतो? तळहात वर केला की माल वर, पालथा खाली आणला की माल खाली. माल हिसका खाऊन लटकला की भाऊ डावा हात छातीशी धरत आणि उजवा अगदी हळूहळू वर नेत. म्हणजे घाबरू नको, सावकाश उचल. आयुष्यभर मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडेच जास्त पाहिलं.

भंडाऱ्याकडून भिलाईला नोकरीवर आले तेव्हा त्यांच्या पेटीत कपड्यांबरोबर मैनाबाईंची एक कॅसेट होती. मैनाबाई भीमगीतं गायच्या. त्यातलं एक गाणं भाऊंचं खास होतं, पोरीला शाळेच्या दाराशी सोडून मजुरीला जाणाऱ्या मायचं. रात्रपाळीहून आले की चहाच्या आधी ते गाणं. शेजारपाजारचे वैतागायचे, पण बोलायची कोणाची हिंमत नव्हती. वहिनी गेल्या त्या दिवशी तेवढं ते वाजलं नाही. पोरगी स्नेहल याच गाण्यावर शिकली असं भाऊ सांगत, आणि ती हसत हो म्हणे.

पण बाईंना समोर बसून ऐकण्याचा योग काही आला नाही. बाई दुर्गला आल्या की भाऊंची नेमकी ड्यूटी, आणि भाऊंना सुट्टी असली की बाई दुसऱ्या मुलखात. मग भाऊ रिटायर झाले आणि कानांनीही रिटायर व्हायचं ठरवलं. वयानं म्हणा, गोंगाटानं म्हणा. स्नेहलने नेहरू नगरातून कानाचं मशीन आणून दिलं. डॉक्टर म्हणाला, उरलंसुरलं ऐकू येणंही आता फार दिवस टिकणार नाही. त्याच सुमारास एप्रिलमधल्या भीमगीत महोत्सवाचे फलक लागले. त्यावर मैनाबाईंचा फोटो.

"धम्मपाल," भाऊ म्हणाले, "कान हाये तोवर एकदा ऐकून घेतो बाईले. मले घेऊन चाल."

संध्याकाळी आम्ही दोघं पांढरे कपडे घालून मैदानावर गेलो. भाऊंनी पुढच्या रांगेत जागा धरली. त्रिशरण, पंचशील झालं. दोन नवे गायक दणक्यात गाऊन गेले. मग बाई आल्या. दोन बायांनी धरून त्यांना माईकपाशी आणलं. फोटो फार जुना होता.

आणि ऐन वेळी भाऊंनी काय करावं? कानातलं मशीन काढून खिशात टाकलं!

मी चिडलो. खिशाकडे बोट दाखवून डोळे वटारले.

"याच्यात बाई नाही, पत्रा वाजते," भाऊ म्हणाले आणि समोर पाहू लागले.

बाईंनी तेच गाणं धरलं. पहिल्या ओळी कशाबशा निघाल्या. मग माय वळून पोरीला हाक मारते ती उंच ओळ आली आणि आवाज फाटला. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्या थांबल्या. ढोलकी थोडी वाजत राहिली. मागे खुर्च्या सरकल्या, कोणीतरी म्हणालं, "अब क्या रखा है इनमें," आणि लोक उठू लागले. मला लाज वाटली, बाईंची नाही, आमची. भाऊंना यातलं काही ऐकू येत नाहीये याचं त्या क्षणी बरंच वाटलं.

तेवढ्यात भाऊ उभे राहिले. डावा हात छातीशी धरला. उजवा तळहात हळूहळू वर नेऊ लागले.

बाईंची नजर त्या हातावर पडली. त्यांनी कुठे मिल पाहिली होती? पण पेटीवाल्याकडे वळून त्या काहीतरी बोलल्या, त्याने पट्टी उतरवली, आणि बाईंनी गाणं पुन्हा सुरू केलं. खालच्या आवाजात, थांबत थांबत. भाऊंचा हात त्यांच्याबरोबर वर जात होता. उंच ओळ आली तेव्हा बाईंनी ती गायली नाही, नुसती म्हटली. गेलेले लोक काही परत आले नाहीत. उरलेल्या बायांनी ती ओळ उचलली आणि गाणं शेवटाला नेलं. मी रडलो.

कार्यक्रमानंतर भाऊ बाईंना भेटायला गेले. जय भीम झाला. समोरासमोर असलं की भाऊ ओठांवरून बोलणं समजून घेत.

"भाऊ, तुमीच हात करून राहिले होते ना?" बाई म्हणाल्या. "आवाज गेला जी माझा."

"नाही बाई," भाऊ म्हणाले. "तसाच हाये. कॅसेटीत होता तसाच."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

घरी पोचल्यावर फाटकाच्या दिव्याखाली मी भाऊंना माझ्याकडे तोंड करायला लावलं.

"भाऊ, तुमाले काहीच ऐकू नव्हतं येत. बाईसंग खोटं कावून बोलले? त्यांचा आवाज फाटला होता."

"मालूम हाये," भाऊ म्हणाले. "गळ्याची शीर फुगली ते दिसलं, लोकं उठले ते दिसलं. माल अटकला तर मले समजत नाही काय?"

"मंग?"

"मशीन ठेवलं असतं तर फाटका आवाज ऐकला असता, अन् तोच शेवटचा राहिला असता कानात. काढलं, तं बाई समोर गाऊन राहिली होती अन् मले तिचा पहिलाच, कॅसेटीतला आवाज येत होता. खोटं नाही बोललो मी, धम्मपाल. मी ऐकलं तिले."

आता भाऊंना काहीच ऐकू येत नाही. मशीन त्यांनी स्नेहलला परत दिलं. सकाळी मी गेलो की ते चहाच्या आधी डोळे मिटून बसलेले असतात, डावा हात छातीशी, उजवा हळूहळू वर जात असलेला. तो खाली येईपर्यंत मी दारातच थांबतो.