सुकतीच्या आधी

अजूनही कोणी 'सुकती' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोकणातल्या एका बेटावरच्या गावात आम्ही चार मित्र शनिवार-रविवार काढायला गेलो होतो. तिथून परतायचं साधन एकच, होडी. आमच्यातल्या एकाचा रविवारी संध्याकाळी नाशकात, गंगापूर रोडला, मुलगी बघायचा कार्यक्रम होता. आधीची सगळी स्थळं मोडलेली. त्याला वेळेत पोचवायची हमी अर्थातच मी घेतली होती.

होडीवाला शनिवारी म्हणाला, "सकाळी सुकतीच्या आधी या हां, मग होडी हलायची नाय."

त्या लग्नाळू मित्राने मला विचारलं, "सुकती म्हणजे?"

"सुकट रे! ऊन चढलं की हे मासे वाळत घालायला बसतात. मग होडी कोण सोडणार?" मी छातीठोकपणे सांगितलं. नदीकाठी वाढलेल्या माणसाला ओहोटी कशी सुचावी? आमची गोदावरी रोज जागा सोडून जात नाही!

रविवारी पोहे चापून आरामात धक्क्यावर गेलो, तर होडी चिखलात आडवी आणि पाणी पार लांब. होडीवाला भडकला, "सुकती लागली! आता भरतीलाच सुटेल!"

मित्र माझ्यावर इतका ओरडला की बगळे उडाले. मीही ओरडलो, समुद्रावर, होडीवाल्यावर, अख्ख्या कोकणावर. "सरळ ओहोटी म्हणायला काय झालं होतं?"

"गप्प बस, गाढवा!" मित्राने फोन लावून माझ्या हातात कोंबला. "आता तूच सांग तिच्या वडिलांना."

डोकं तापलेलंच होतं. "काका," मी खेकसलो, "समुद्र सुकलाय!"

त्यांनी फोन ठेवून दिला.