मोठ्या कानाचा कप

"ह्या कपाचा कान मला एका पाखरानं दिला," असं धाकटा दीर माईकसमोर उभा राहून म्हणाला, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा हा धाकटा दीर शाळेत जात होता. तो दिवसभर "वहिनी, वहिनी" करायचा, ते ऐकून शेजारीपाजारी म्हणायला लागले, मग दुकानदारही. घर मातीची भांडी करणाऱ्यांचं. सासरे गेले आणि त्यांचं चाक कोपऱ्यात धूळ खात पडलं. नवरा भट्टीचा माणूस. आगीचा रंग बघून आतलं भांडं कसं झालंय ते तो सांगे, पण चाकावर बसला की त्याच्या हाताखालून माती पळ काढायची. धाकट्याला तर नखात माती गेलेली खपत नसे. शेवटी दुपारी घर झोपलं की वहिनी चाकावर बसायला लागली. सुरुवातीला जे केलं ते सगळं एका अंगाला कललेलं. नवरा हसायचा, "ही भांडी वाऱ्यानं वाकलीत का?" ती माती पुन्हा गोळा करायची. करता करता हात बसला, आणि मग घरातलं एकूणएक भांडं तिच्याच हातून उतरू लागलं.

धाकटा बोलण्यात पटाईत. माल घेऊन तो हिंडायचा, दुकानं जोडायचा. त्याबद्दल वहिनीची कधी तक्रार नव्हती. ज्याला जे जमतं ते त्यानं करावं. पण बोलता बोलता "आम्ही करतो"चं "मी करतो" कधी झालं, ते तिला कळलंच नाही.

कळलं ते त्या दिवशी. शहरातल्या कलादालनानं स्थानिक कारागिरांना बोलावलं होतं. आपल्या कामाबद्दल बोला, प्रेरणा कुठून मिळते ते सांगा, असा कार्यक्रम. टेबलावर प्रत्येकाच्या वस्तू मांडलेल्या. पहिल्यांदा टोपल्या विणणारे आजोबा उठले. "प्रेरणा म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. जुनी टोपली फाटली की लोक नवी मागतात," असं म्हणून खाली बसले. लोक हसले. मग धाकटा उठला. वहिनीनं केलेला मोठ्या कानाचा कप त्यानं दोन्ही हातांत उंच धरला आणि सुरुवात केली. म्हणे, एकदा पहाटे तो पाण्याकाठी बसला होता. एक पाखरू उडालं. त्याच्या पंखांचा तो बाक डोळ्यांत राहिला आणि घरी येऊन त्यानं हा कान घडवला.

पहाटे! सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ज्याची पाठ अंथरुणापासून सुटत नाही, तो हा!

कानाची खरी गोष्ट वहिनीच्या हातांना पाठ होती. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची मूठ वळली ती सुटेना, डावा हात कापायचा. चहा बशीत, बशीतून पदरावर. दुसऱ्या कुणी पाजलेला त्यांना चालत नसे, मानी बाई. वहिनीनं मातीची वळी करून त्यांच्या मुठीभोवती गुंडाळली, माप घेतलं आणि अख्खी मूठ आत जाईल एवढा कान केला. पहिला कप इतका जड झाला की सासूबाईंना उचलेना. दुसऱ्याचा कान अंगठ्याच्या बेचक्यात रुतला, कातडी सोलली. एकाचा कान भट्टीतच गळून पडला. शेवटी बूड रुंद, अंग पातळ, कान आतून गोटीसारखा गुळगुळीत, असा एक जमला. त्या दिवशी सासूबाई आपल्या हातानं चहा प्यायल्या आणि रिकामा कप तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "अजून अर्धा दे." ह्या सगळ्या खटाटोपात धाकट्यानं आईच्या तोंडाला कधी पाण्याचा थेंब लावला नव्हता.

वहिनी उभी राहिली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "प्रश्न शेवटी घेऊ या हं."

"प्रश्न नाही. हा खोटं बोलतोय."

वहिनी भाषण करणारी नव्हे. जसं सुचेल तसं बोलली. मूठ, माप, सोललेली कातडी, गळलेला कान. "पाखरू नाही आणि बिखरू नाही. ह्याच्या आईची वाकडी मूठ आहे ती. आणि कप मी केलाय. हा टेबलावरचा सगळा माल मी केलाय."

तिला वाटलं, आता कुणीतरी त्याला जाब विचारेल. पण बाईंनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "किती सुंदर! पाखराचं उड्डाण आणि आईची माया, दोन्ही एकाच कपात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटाही टाळ्या वाजवत खाली आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही माझी वहिनी. माझी पहिली मदतनीस."

तो हात तिनं असा झटकला की धाकटा पडता पडता राहिला. ती थेट टेबलापाशी गेली आणि आपली भांडी उचलायला लागली. टोपलीवाल्या आजोबांनी आपली सगळ्यांत मोठी टोपली मुकाट्यानं पुढे सरकवली. नवरा मिठाची गुळणी धरून खुर्चीत बसला होता. "उठा आता!" ती त्याच्यावर कडाडली. "निदान ओझं तरी उचला!" त्यानं उचललं.

घरी पोचली तर बातमी आधीच पोचलेली. सासूबाई खाटेवर बसून त्याच घाटाच्या कपातून चहा पीत होत्या. झटक्यानंतर जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं.

"चारचौघांत दिराची अब्रू काढलीस. तो बोलतो चांगलं. बोलला तर काय बिघडलं? घराचंच नाव झालं ना?"

"आई, तुमच्या हातातला कप कुणी केला?"

"तू."

"मग तिथं एवढं म्हणायला त्याची जीभ झिजली असती?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "तुझ्या सासऱ्यांच्या भांड्यांवर वेलबुट्टी असायची ना? ती कुणी काढली? मी. सगळी मी. मी उठले का कधी सभेत?"

इतक्या वर्षांत हे कुणी वहिनीच्या कानावर घातलं नव्हतं. तिचा आवाज फुटला तो गल्लीपर्यंत गेला. "तुम्ही उठला नाहीत ना आई, म्हणून आज मला उठावं लागलं!"

दुसऱ्या दिवसापासून तिनं चाकाला हात लावला नाही. धाकट्यानं एका मोठ्या दुकानाला कप कबूल केले होते. तो आधी रुसला, मग गयावया करायला लागला. "वहिनी, हात जोडतो."

"जोडू नकोस. मातीत घाल."

चिडून त्यानं घातले. दुपार अर्धी झाली नाही तोच कंबर धरून उठला. पुढे तो दुसऱ्या शहरात फरशा विकायच्या दुकानात लागला. तिथं त्याचं उत्तम चाललंय म्हणतात, फरशांना बोलणारा माणूस लागतोच. पोरगा घरातून गेला ह्याचं खापर सासूबाईंनी वहिनीच्या माथी फोडलं. त्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. चहा मात्र वहिनी देत राहिली, त्याही पीत राहिल्या.

धाकटा गेल्यावर वहिनी पुन्हा चाकावर बसली. कलादालनाच्या बाई घरी आल्या, झालं गेलं विसरा म्हणाल्या, दोघांचीही नावं छापू म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "माझं एकटीचं छापा. आणि तुमच्याकडे काचेत सासऱ्यांचा रांजण ठेवलाय, त्याच्या पाटीवर सासूबाईंचं नाव घाला. वेल त्यांची आहे."

"त्याला काही पुरावा?"

"पुरावा आत बसलाय, विचारा."

बाई आत गेल्या. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "मला नाही येत काही. वेल हेच काढायचे."

वहिनीला वाटलं, आत्ता ह्या म्हातारीला गदगदा हलवावं. ती परसात गेली आणि मातीचा गोळा फळीवर असा आपटला की नवरा भट्टीपासून धावत आला. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि पुन्हा आपटला.

पाटी अजून तीच आहे. पण बाजाराला गेली की वहिनी कलादालनात शिरते. त्या रांजणापुढे उभी राहते आणि शेजारी जो कुणी असेल त्याला, ओळखपाळख नसताना, मोठ्यानं सांगते, "ही वेल माझ्या सासूनं काढलीय. पाटी खोटी आहे." लोक दचकतात. रखवालदारानं पूर्वी एकदोनदा हटकून पाहिलं. आता तो तिला बघितलं की खुर्ची थोडी बाजूला घेतो.