कोरियातल्या कैद्याला ठेवलेलं नाव

१९५३ च्या थंडीत आमची पोस्टिंग कोरियात झाली. लढाई थांबली होती. घरी परतायचं की नाही हे चिनी आणि कोरियन कैद्यांनी ठरवेपर्यंत, थोडे महिने, तारेच्या कुंपणातलं सगळं आमच्या तटस्थ भारतीय फौजेनं बघायचं होतं. पाणी, संडास, डीडीटी, दवाखाना. मी चिखलीचा, नर्सिंग हवालदार. सोबत चाकणचा नाईक किसन. गावात कुणी मला म्हशीलाही सुई टोचू दिली नसती; इथं मी परक्या मुलखाचा डॉक्टर होऊन बसलो.

रोज सकाळी सातला गेटवर सिक परेड, म्हणजे आजाऱ्यांची रांग. नियम एकच, आधी रजिस्टरात नाव, मग औषध. कैदी नाव सांगत नसत. नाव फुटलं तर गावाकडं घरच्यांचे हाल होतील, ही धास्ती.

एका सकाळी दोघांनी एकाला धरून आणलं. विशीचा असेल. ताप एकशे चार, न्यूमोनिया. दुभाष्यानं तीनदा नाव विचारलं. त्यानं तोंड घट्ट मिटलं. मी वायरलेसवर हॉस्पिटल गाठलं.

"पेशंट सीरियस. नाव नाही. ओव्हर."

"नावाशिवाय ॲडमिशन नाही. ओव्हर."

शेजारी उभा किसन म्हणाला, "लिवा की दगडू. आमच्यात पोरं जगंना झाली की ह्येच नाव ठेवत्यात. यम फिरकत न्हाई."

मी लिहिलं, हॉस्पिटलात खाट मिळाली. सात चाळीसला पेनिसिलिन टोचलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात त्याच्याजवळ असताना पुन्हा चढला. त्यानं माझी बाही धरली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. दुभाषा जेवायला गेला होता. मी हसून म्हटलं, "हां, हां, दगडू." त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तेच बोलला. मी त्याला पाणी पाजलं. दीड वाजता तो गेला.

थडग्याच्या पाटीवर रजिस्टरातलं नाव आलं. मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग दुसरं काय लिहू, हवालदार?"



परतल्यावर पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात नोकरी लागली. लोक कोरियाचं विचारतात, मी बर्फाच्या गोष्टी सांगतो. त्याची आई अजून वाट बघत असेल. मरताना त्यानं आपलं नाव एका माणसावर सोपवलं, तो मी. एकटा असलो की त्याच्यासारखे ओठ हलवून बघतो. सुरुवात 'म'नं होती. पुढचं येत नाही.