मूळ न बघितलेली अळंबी

बायकोने बाजारातून आणलेलं अळंबीचं पाकीट फोडलं. ओल्या मातीचा वास आला आणि मला कडेगावचा आमचा माळ आठवला.

भाद्रपद सरत आला होता. दादा फौजेतून सुट्टीवर आलेला, त्याला अळंबीची भाजी हवी होती. खाण्याच्या अळंबीचं मूळ वारुळात खोल जातं, विषारीचं वरच संपतं. ते उकरून बघितल्याशिवाय ती घरी आणायची नाही, असा आमच्याकडचा नियम. मी कॉलेजात शिकणारा. मातीत हात घालायचा कंटाळा केला आणि देठं वरच्यावर मोडून आणली.

"भावजी, मूळ बघितलंसा न्हवं?" वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं.

"व्हय, हातभर लांब हुतं," मी ठोकून दिलं.

रोज सगळ्यांच्या मागून जेवणारी वहिनी त्या दिवशी पहिलं ताट घेऊन बसली. "मला लय भूक लागलीया. तुमी थांबा जरा." तिच्या खादाडपणावर मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो. आम्ही दुपार कलल्यावर जेवलो. कुणाला काही झालं नाही.

आज इतक्या वर्षांनी फोन करून तिला खरं सांगितलं.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "देठं बघूनच कळलं हुतं. पर चारचौघांत तुमाला खोटं कसं पाडायचं? म्हून आधी मी जेवले."